धुराचे पैसे

दोन्ही हातांत चक्क्याचा डबा होता, म्हणून नेत्राने खांद्याने दार ढकललं. दुकानाच्या मागच्या बाजूची ती थंड खोली, माणूस आत चालत जाईल एवढी. सगळे तिला नुसतं 'वॉक-इन' म्हणायचे. सासऱ्यांनी दुकानाची जागा घेतली त्याच वर्षी बसवलेली. दारावरचा फॅरनहाइटचा काटा चाळीसच्या खाली असायला हवा; आज तो शेहेचाळीसवर होता. डबा मागच्या बाजूला, पंख्याच्या थेट झोतात सरकवून ती बाहेर आली. काट्याचं कोणाला सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं. आजचा विषय आधीच नाजूक होता.

"किती आहे गं?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"ठीक आहे, आई."

"म्हणजे वाढलंय."

सोमवार असल्याने दुकान बंद होतं. बाहेर ओक ट्री रोडवर मात्र मे अखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीची गर्दी होती. पार्किंगसाठी फिरणाऱ्या गाड्यांचे हॉर्न मागच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होते. स्टीलच्या लांब टेबलावर हापूसच्या चार पेट्या उघड्या पडल्या होत्या. वर्षातले दोनच आठवडे सुमित्राबाई ताज्या आंब्याचं आम्रखंड करत, बाकीच्या दिवसांत डब्यातला रस. त्या दोन आठवड्यांत घरातल्या कोणालाही आंबे हाताने दाबून माचण्यातून सुटका नसे. शनिवारी विमानाने ईडन प्रेरीहून आलेला त्यांचा थोरला मुलगा संजीव इस्त्रीच्या शर्टावर दुकानाचा एप्रन बांधून कोयी पिळत बसला होता. धाकटा नकुल, नेत्राचा नवरा, सालं काढत होता आणि मधूनमधून एखादी फोड तोंडात टाकत होता.

"नकुल, तू विकायचे आंबे खातोयस," संजीव म्हणाला.

"क्वालिटी कंट्रोल, दादा."

टेबलाच्या टोकाला इशिता लॅपटॉप उघडून बसली होती. संजीवची मुलगी. वातावरणातल्या वायूंवर मास्टर्स करायला दोन वर्षांपूर्वी ती इथे आली आणि काकाच्या घरी राहायला लागली. सरकारच्या एका योजनेचा शोध तिनेच लावला होता. वीज बनवणाऱ्या कंपन्या जेवढा कार्बन हवेत सोडतात तेवढ्याचे पैसे त्यांना भरावे लागतात. त्या पैशांतला एक हिस्सा छोट्या दुकानदारांना जुनी, वीज खाणारी यंत्रं बदलण्यासाठी परत मिळतो. तिने हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा सुमित्राबाईंनी त्याला नाव दिलं, धुराचे पैसे. आता घरात सगळे तेच म्हणत. खर्चाचा सत्तर टक्के भाग त्यातून सुटणार होता, आणि तेवढ्यावरच सगळं अडलं होतं.

जानेवारीत ठरलं होतं ते असं: वॉक-इन नवीन करायला कर्ज काढावं लागणार नसेल तर दुकान चालू राहील. नाहीतर दिवाळीनंतर जागा शेजारच्या ज्वेलरला भाड्याने द्यायची, आणि आई ईडन प्रेरीला जाणार. ठरलं होतं म्हणजे संजीवने फोनवर मांडलं होतं, आणि कोणी नाही म्हणालं नव्हतं. त्या फोनवर नेत्रा नव्हती. ती तेव्हा याच टेबलापाशी तिळाच्या वड्या कापत होती. अकरा वर्षं ती हे दुकान चालवत होती, आणि दिवाळीनंतर आपण सकाळी उठून कुठे जायचं हे तिला रात्री नकुलकडून कळलं.

"तर उद्या काय होईल," इशिता म्हणाली, "त्यांचा माणूस येणार. तो फक्त दोन गोष्टी बघणार. एक, जुनं मशीन खरंच चालू आहे ना. म्हणजे काकू, प्लीज, ते बंद करून घासून-पुसून ठेवू नकोस."

"मी दार आणि फरशी पुसणार आहे हं," नेत्रा म्हणाली. "परका माणूस येणार, बुरशी दाखवायची का त्याला?"

"दार पूस. प्लग काढू नकोस. आणि दोन, नवीन मशीन अजून घेतलेलं नाही ना."

"घेतलं असेल तर काय बिघडतं?" नकुलने विचारलं. "घ्यायचंच आहे ना शेवटी?"

"तेच तर!" इशिताला हा भाग मनापासून आवडत होता, ती खुर्चीत पुढे सरकली. "समजा तू आधीच घेतलंस. मग ते म्हणणार, हा माणूस तसंही घेणारच होता. आमच्या पैशामुळे काही बदललं नाही. त्यांना हे बघायचं असतं की पैसे दिले नसते तर तुम्ही काय केलं असतं. जे तसंही झालंच असतं, त्याला ते पैसे देत नाहीत."

"बरोबर आहे," संजीव म्हणाला. "आमच्या कंपनीतही हाच पहिला प्रश्न असतो."

सुमित्राबाईंनी हातातली कोय खाली ठेवली.

"घेतलं म्हणजे काय गं, इशू?"

"म्हणजे ऑर्डर दिली, पैसे दिले."

"सगळे?"

"थोडेही. डिपॉझिट, टोकन, काहीही. का गं आजी?"

सुमित्राबाईंनी एप्रनला हात पुसले. "मशीन काही आणलेलं नाही मी," त्या म्हणाल्या. "नुसता मुहूर्त केलाय. पाडव्याला."

इशिताने "आजी, नो," म्हणत लॅपटॉप अर्धा मिटला.

*

त्यात एवढं काय चुकलं, हे सुमित्राबाईंना समजायला थोडा वेळ लागला. पाडव्याच्या सकाळी बाल्कनीत गुढी उभारून झाल्यावर त्या शेजारच्या रेखाच्या गाडीतून एडिसनला गेल्या होत्या, भद्रेशभाईंकडे. कूलर आणि फ्रीझर विकणारा हा माणूस तीस वर्षांच्या ओळखीचा. भद्रेशभाईंना त्यांनी हजार डॉलर दिले आणि सांगितलं, मशीन सवडीने आणा, मंजुरी येऊ दे, आज फक्त नाव घाला. सोनं नाही का आपण पाडव्याला नोंदवून ठेवतो आणि घडवतो पुढे कधीतरी. दुकानाची जागा दसऱ्याची. पहिली शेगडी अक्षय्य तृतीयेची. एवढं मोठं यंत्र कुठल्याशा मंगळवारी कोणा परक्याच्या होकारावर घ्यायचं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आई, तू आम्हाला सांगितलं का नाहीस?" नकुलचा आवाज चढला.

"तुम्ही मला विचारलंत का, पाडव्याला काय केलंस म्हणून? फोटो पाठवला होता ना गुढीचा. दोघांनीही अंगठा दाखवलात त्याच्यावर."

संजीवला हसू आलं, पण त्याने ते दाबलं.

नकुल हात धुऊन फोन घेऊन मागच्या दारात गेला. त्याचं अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा मोकळा झाला होता.

"सुटलं! भद्रेशभाई म्हणतात, नो प्रॉब्लेम. पाडव्याची पावती रद्द करतात आणि पुढच्या महिन्याची तारीख घालून नवीन देतात. टोकन त्यांच्याकडेच राहील. किसीको क्या पता चलेगा, म्हणतात."

"मला पता आहे," इशिता म्हणाली.

"इशू, यार, आता तू सुरू करू नकोस."

"काका, अर्ज मी भरलाय. 'यापूर्वी खरेदी केलेली नाही' याच्या खाली मी टिक केलंय. तेव्हा ते मला खरं वाटत होतं. आता वाटत नाही."

"एक तारीख आहे गं. कोणाचं नुकसान आहे त्यात?"

"दुसऱ्या कुठल्यातरी दुकानाचं. पैसे लिमिटेड आहेत, काका. ज्याला खरंच त्याच्याशिवाय जमणार नाही, त्याचा नंबर मागे जातो."

नेत्रा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. नकुल हे सगळं तिच्यासाठी करत होता, हे तिला कळत होतं. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच दुकानासाठी कोणाशी वाद घातला होता, आणि नेमकं त्याच वेळी तिला त्याची बाजू घेववत नव्हती. तिने संजीवकडे पाहिलं. तो कोय पिळत होता. रस केव्हाच संपला होता, तरी पिळत होता. धुराचे पैसे गेले तर त्याचंच म्हणणं खरं होणार होतं. त्याला एक शब्दही बोलायची गरज नव्हती.

"तारीख बदलायची नाही," सुमित्राबाई म्हणाल्या.

"अगं, पण का? इशू म्हणते म्हणून?"

"इशूचं इशू बघेल. पाडव्याला घेतलेलं मशीन जूनमधल्या कुठल्या तरी तारखेला घेतलं म्हणून लिहायचं? मग मी सकाळी सकाळी रेखाला उठवून एडिसनला गेले कशाला?"

नकुलने दोन्ही हात हवेत उडवले. इशिता मात्र आजीकडे अशी बघत राहिली, जसं एखाद्या प्रयोगाचं उत्तर बरोबर आलंय पण रीत ओळखीची नाही.

*

संजीवने शेवटी कोय बादलीत टाकली. गेल्या काही महिन्यांत त्याने या जागेचा विचार खूप वेळा केला होता, आणि दर वेळी त्याच्या डोळ्यांसमोर फरशी यायची. सिमेंटची, थंड, पुसली की निसरडी. चौऱ्याहत्तर वर्षांची आई त्या फरशीवर दिवसाचे आठ-नऊ तास उभी असते. भाड्याच्या रकमेशी त्याला तसं देणंघेणं नव्हतं. घरी खालच्या मजल्यावर त्याने तिच्यासाठी खोली तयार करून घेतली होती, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले होते. अट त्याने यासाठी घातली होती की ती पुरी होणार नाही असं त्याला वाटलं होतं. मग इशिताने ही योजना शोधून काढली. घरातल्याच मुलीने.

आणि आता ती अट आपोआप मोडली होती. त्याला बरं वाटायला हवं होतं.

पण इशिताचं मघाचं वाक्य त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. पैसे दिले नसते तर तुम्ही काय केलं असतं?

"आई," तो म्हणाला, "पाडव्याला अर्जाचं काहीच कळलं नव्हतं. मंजूर होईल की नाही, कोणालाच माहीत नव्हतं."

"हो."

"मिळाले नसते तर?"

"तर नसते मिळाले."

"तरी तू घेतलं असतंस."

"घेतलंच की."

तिने पुढचा आंबा उचलला, देठाकडून दाबून पाहिला आणि माचायला लागली. संजीवला तिचे हात दिसत होते. सांधे जाड झालेले, पण अंगठा अजून नेमका तिथेच पडत होता जिथे साल आणि गर सुटतो.

"मग जानेवारीत मी फोनवर बोललो, तेव्हा तू काही म्हणाली नाहीस."

"तू सलग बोलत होतास रे. खोलीचं, दांड्यांचं, तिथल्या डॉक्टरांचं. एवढं सगळं करून ठेवलंस, आणि लगेच कुठे नाही म्हणू? म्हटलं, ऐकून घ्यावं."

"म्हणजे तू येणार नाहीस."

"येईन की. जुलैत येईन, महिनाभर. तिथे थंडी नसते तेव्हा." तिने माचलेला आंबा बाजूला ठेवला. "संजू, मला तिथे काही त्रास होईल असं नाही. पण सकाळी उठून मी काय करू, ते सांग."

त्याच्याकडे या प्रश्नाची बरीच उत्तरं होती. मंदिर, सीनिअर सेंटर, मराठी मंडळ, त्याच्या बायकोच्या, आश्लेषाच्या, भिशीतल्या मैत्रिणी. त्याने ती मनातल्या मनात एकदा वाचून पाहिली आणि त्यातलं एकही बोलून दाखवलं नाही.

"पण मग पैशांचं काय?" नकुल म्हणाला. "पूर्ण किंमत आपल्याला झेपणार आहे का?"

"मी आणि तू निम्मं निम्मं घालू," संजीव म्हणाला. हे वाक्य आपल्या तोंडून इतक्या लवकर आलं याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

"एवढं मोठं मशीन लागतच नाही," नेत्रा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते मोठ्याने बोललं गेलं होतं.

"म्हणजे?"

"फ्रोझन पुरणपोळ्या आपण बंद केल्या, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून मागची भिंत रिकामीच आहे. श्रीखंड, आम्रखंड, चक्का, दूध, गणपतीला मोदक. याला निम्मी खोली पुरते. वरच्या फळ्यांवर आपण रिकाम्या टोपल्या ठेवतो, संजीवदादा. येऊन बघा."

तो तिच्यामागून आत गेला. इशिताही आली. आत तिघं आरामात उभे राहू शकत होते. तेच नेत्राचं म्हणणं होतं. इशिताने कोपऱ्यातल्या नळीच्या जोडाजवळ बोट नेलं. तिथे तेलकट काळा डाग होता.

"इथून गॅस गळतोय. थोडा-थोडा, म्हणून काटा वर जातोय. हा जुना गॅस आहे ना, तो कार्बन डायऑक्साइडच्या अठराशे पट वाईट."

"मग इतकी वर्षं आम्ही धूरच सोडत होतो का गं?" दारातून सुमित्राबाईंचा आवाज आला.

"दिसत नाही तो, आजी. पण हो."

"निम्म्या आकाराचं किती होईल?" संजीवने विचारलं.

नेत्राने सांगितलं. आकडा तिला पाठ होता. धुराचे पैसे मिळून मोठ्या मशीनचा जो वाटा घरातून जाणार होता, त्यापेक्षा तो जास्त होता, पण अवाक्याबाहेरचा नव्हता. दोघा भावांनी आत्ता घातला तर दुकानाच्या मिळकतीतून दोन दिवाळ्यांत फिटला असता.

"हे तू जानेवारीतच का नाही सांगितलंस?"

पंख्याची हवा तिच्या मानेवर येत होती. उत्तर तिच्याकडे तयार होतं, केव्हापासून. तरी ते बोलायला तिला एक श्वास घ्यावा लागला.

"जानेवारीत मला कोणी विचारलं नव्हतं. तो फोन तुमच्या तिघांचा होता." मग, संजीवचा चेहरा बघून, तिने आवाज खाली आणला. "भांडत नाहीये मी, दादा. तुम्ही आईंच्या काळजीने करत होता, मला माहीत आहे. पण इथे रोज मी येते. या खोलीत किती माल मावतो, कुठला डबा कुठे ठेवला की खराब होतो, हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. आणि दुकान ठेवायचं की नाही हे मला रात्री जेवताना कळलं, भाजी वाढता वाढता."

दारात नकुल उभा होता. त्याने मान खाली घातली.

"काकू, दार लावून बोल, थंडी जातेय," इशिता पुटपुटली.

"जाऊ दे," सुमित्राबाई म्हणाल्या. त्या नकुलला घेऊन आत आल्या. आता पाच जण उभे होते आणि तरी खोली भरली नव्हती. "संजू, तुला मीटिंगची सवय आहे. लिहून घेतल्यासारखं सांग बघू. जागा कोणाची?"

"तुझी."

"आणि धंदा?"

संजीवने नेत्राकडे पाहिलं. मग आईकडे. "तुझाच आहे. कागदावर."

"मी गेल्यावर तुम्ही दोघं भाऊ बसून वाटणी करणार, आणि ही पुन्हा भाजी वाढत असणार. ते नको. जागा माझी राहू दे, माझ्यानंतर तुमची. धंदा नेत्राचा. या आठवड्यात वकिलाकडे जाऊ. तू आहेस बुधवारपर्यंत."

"जागा आईची, धंदा नेत्राचा," संजीव सावकाश म्हणाला. "आणि ज्वेलरला मी नाही म्हणून सांगतो."

"आणि मी?" नकुलने विचारलं.

"तुझे अजून दोन पेट्या आंबे राहिलेत," नेत्रा म्हणाली, आणि ती आधी बाहेर पडली, कारण तिचे डोळे भरून आले होते आणि थंडीमुळे असं होत नाही हे इशिताला लगेच कळलं असतं.

बाहेर येऊन संजीवने पुन्हा एप्रनची गाठ बांधली. सगळे पुन्हा आंब्यांना लागले. मग तो म्हणाला, "उद्या त्या माणसाला काय सांगायचं?"

"यायला नको म्हणून कळवू या का?" नकुल म्हणाला. "आता काय उपयोग?"

"येऊ दे," इशिता म्हणाली. "खरं सांगू. टोकन मोठ्या मशीनचं होतं, आता आपण छोटं घेणार. त्याने फरक पडतो का, मला खरंच माहीत नाही. बहुतेक नाही पडत. पण विचारायला काय जातंय?"

"मी विचारीन," नेत्रा म्हणाली.

*

मंगळवारी दुकानाचं शटर अर्धंच वर होतं. नेत्राने पहाटेच फरशी पुसली होती, दार पुसलं होतं, प्लग काढला नव्हता. सुमित्राबाई मागे चक्क्यात रस फेटत होत्या. आज त्यांना खुर्चीवर बसवलं होतं. ती खुर्ची संजीवने आदल्या संध्याकाळी आणली होती आणि त्या तिच्यावर बसून सारख्या कुरकुरत होत्या.

आलेला माणूस म्हणजे एक उंच, तरुण बाई निघाली. पायात जाड बूट, हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र. ती शटरखालून वाकून आत आली. काउंटरमागे नेत्रा आणि शेजारी संजीव उभा होता. तिने सवयीने आधी संजीवकडे पाहिलं.

"गुड मॉर्निंग. दुकानाचे मालक आपणच का?"

संजीव एक पाऊल मागे सरला.

"मी," नेत्रा म्हणाली. "या, मशीन मागे आहे. पण आत जायच्या आधी मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. आमचं नवं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं."